‘न्याय मिळाला’ : या निष्कर्षामागचा डेटा कुठे आहे?

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयानं कोपर्डी प्रकरणातल्या तिघांना दोषी ठरवलं. पाचच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, त्याच शहरातल्या न्यायालयात खर्डा प्रकरणातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पहिला निकाल आमच्या शिरूर-दौंड भागात अजून लोकांच्या तोंडी आहे. दुसऱ्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण विचारतात, ‘खर्डा म्हणजे कुठलं?’

हे दूरचं प्रकरण नव्हे. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा. दौंडला भीमेचा पूल ओलांडला की श्रीगोंदा, आणि त्याला लागून कर्जत तालुका, ज्यात कोपर्डी आहे. सोयरीक, बाजार, रेल्वे, सगळं एकमेकांत मिसळलेलं. म्हणूनच १३ जुलै २०१६ ला तिथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हा इकडच्या घराघरांत संताप होता. ९ ऑगस्टपासून मराठा क्रांती मोर्चे सुरू झाले, त्यांतली एक मुख्य मागणी कोपर्डीच्या आरोपींना फाशी ही होती. त्यामुळे दोषसिद्धीच्या दिवशी ‘न्याय मिळाला’, ‘कायद्यावरचा विश्वास वाढला’, ‘आता कुणाची हिंमत होणार नाही’ असे स्टेटस आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ओळीनं पडले.

त्या कुटुंबाला मिळालेल्या दिलाशावर मला एक अक्षरही बोलायचं नाही. तो त्यांचा आहे आणि खरा आहे. माझी टीका आहे ती आपण बाकीच्यांनी त्या एका निकालावरून काढलेल्या निष्कर्षांवर. पेट, नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे निष्कर्ष एकदा सिनॉप्सिससारखे तपासून बघावेत.

पहिला प्रश्न नमुन्याचा. ‘व्यवस्था काम करते’ हे विधान सगळ्या खटल्यांबद्दल आहे, पुरावा मात्र एका खटल्याचा. तोही कसा निवडलेला? ज्याचा निकाल आपल्याला हवा तसा लागला तो. १९७९ मध्ये रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञानं ‘फाइल ड्रॉवर’ची अडचण मांडली : सकारात्मक निकाल छापून येतात, नकारात्मक निकाल टेबलाच्या खणात पडून राहतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की प्रयोग नेहमीच यशस्वी होतो. खर्डा हे आपल्या खणात पडलेलं पान आहे. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या या गावात एका दलित शाळकरी मुलाला, सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून, मारून टाकण्यात आलं. खटला तीन वर्षं सात महिन्यांनी निकालाला आला. शाळेतल्या लोकांसह अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मुलाचा खून झाला, आणि कुणी केला हे मात्र न्यायालयात सिद्ध झालं नाही.

आता तिसरी नोंद घ्या. १ जानेवारी २०१३ ला नेवासा तालुक्यातल्या सोनई परिसरात तीन दलित तरुणांचे खून झाले, कारण पुन्हा आंतरजातीय प्रेमसंबंध. खटला नाशिकला हलवला गेला. १५ जानेवारी २०१८ ला सहा जण दोषी ठरले, पाच दिवसांनी सहाही जणांना फाशी सुनावली गेली.

एकच जिल्हा, तीन प्रकरणं, साठ दिवसांच्या आत तीन निकाल. लागलेला वेळ : कोपर्डीला सोळा महिने, खर्ड्याला त्रेचाळीस महिने, सोनईला पाच वर्षं. कोपर्डीतली मुलगी मराठा होती, दोषी दलित होते. उरलेल्या दोन प्रकरणांत बळी पडलेले दलित होते. मग ‘न्याय जात बघून मिळतो’ असं लिहून टाकायचं का? थांबा. तीन नोंदींवर असं विधान टिकणार नाही, आणि सोनईचा निकाल तर त्याच्या उलट जातो. पण एक गोष्ट तीन नोंदींतही दिसते : निकालावरची आपली प्रतिक्रिया कुठल्या बाजूला मोठी आणि कुठल्या बाजूला गप्प होती. कोपर्डीच्या निकालावर शेकडो मेसेज पडलेल्या आमच्या ग्रुपवर खर्ड्याचा एकही नव्हता. सोनईत सहा फाशी लागल्या, तेव्हाही तसा जल्लोष नव्हता. म्हणजे आपण ‘न्याय’ मोजत होतो की ‘आपल्या माणसाला न्याय’? मला हा संशोधनप्रश्न वाटतो, आणि तो टाळण्यासारखा नाही.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. १८ नोव्हेंबरला फक्त दोष सिद्ध झाला होता. शिक्षेवर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं ऐकावं लागतं. ती सुनावणी होऊन फाशी २९ नोव्हेंबरला जाहीर झाली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे मुख्य दोषी सप्टेंबर २०२३ मध्ये येरवडा कारागृहात मृतावस्थेत सापडला. तोवर ती फाशी अमलात आलेली नव्हती. पुण्याचंच दुसरं उदाहरण २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनाचं. तिथे सर्वोच्च न्यायालयानंही २०१५ मध्ये फाशी कायम केली. मग अंमलबजावणीला झालेल्या उशिराच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली. दोषसिद्धी, शिक्षा, शिक्षा कायम होणं आणि अंमलबजावणी ही चार वेगळी चलं आहेत. आपण चारही एका शब्दात कोंबतो आणि पहिल्याच दिवशी फटाके वाजवतो.

तिसरा प्रश्न कार्यकारणाचा : ‘आता कुणाची हिंमत होणार नाही.’ हे तपासायचं कसं? फाशी झाली नसती तर गुन्हे किती झाले असते, हा आकडा कुणाकडेच नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २०१२ मध्ये फाशी आणि खुनांचं प्रमाण यांवरचे अनेक वर्षांचे अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही. म्हणजे ‘फाशीनं काहीच होत नाही’ असंही छातीठोक म्हणता येत नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंना आवडत नाही, पण प्रामाणिक वाक्य तेवढंच आहे.

गुन्हेगाराला शिक्षेच्या कठोरपणापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त रोखते, हा विचार मात्र बेकारियानं १७६४ मध्येच मांडला होता. तो धरून खर्ड्याकडे पुन्हा बघा. तिथे कायदा सौम्य होता म्हणून आरोपी सुटले नाहीत. साक्ष टिकली नाही. साक्षीदार त्याच गावात राहतो, त्याच दुकानातून किराणा घेतो, त्याची मुलं त्याच शाळेत जातात. सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली ती डिसेंबर २०१८ मध्ये, खर्ड्याच्या निकालानंतर वर्षभरानं. साक्षीदाराला संरक्षण द्या, या मागणीसाठी आमच्याकडे मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. फाशीसाठी लाखो माणसं रस्त्यावर आली.

या विषयावर काम करायचं असेल तर दोन गोष्टी आधी करा. एक, दोषसिद्धीचं प्रमाण वाचताना छेद बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ते काढतो निकाली निघालेल्या खटल्यांवर. प्रलंबित खटले त्या छेदात नसतातच. दोन, बातमी वाचून थांबू नका, मूळ निकालपत्र मिळवा आणि त्यात फितूर साक्षीदारांबद्दल काय लिहिलंय ते शोधा. आणि निकालपत्रं जमवताना सुटकेची पत्रंही तेवढ्याच काळजीनं जमवा. ती शोधायला जास्त वेळ लागेल, कारण त्यांच्याबद्दल कुणी स्टेटस ठेवलेलं नसतं.