हॅम्पडेनचे दहा गोल

१८ मे १९६०. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर युरोपियन कपचा अंतिम सामना. रेआल माद्रिद ७, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट ३. मैदानात सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक, त्यातले बहुतेक स्कॉटिश. म्हणजे दोन्हींपैकी एकही संघ त्यांचा नव्हता. कोण जिंकतंय याची धाकधूक नसली की प्रेक्षक खेळाला किती मोकळेपणानं दाद देतो, ते या सामन्याच्या कृष्णधवल चित्रफितीत दिसतं.

फ्रँकफर्टचा दरारा ग्लासगोला चांगलाच ठाऊक होता. उपांत्य फेरीत त्यांनी इथल्याच रेंजर्सला दोन लढतींत मिळून १२-४ असं लोळवलं होतं. म्हणून १८व्या मिनिटाला रिचर्ड क्रेसनं पहिला गोल मारला, तेव्हा त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल पुढे आहे. माद्रिदच्या दी स्तेफानोनं तीन मिनिटांत दोन गोल केले आणि मध्यंतराच्या तोंडावर त्याचा साथीदार पुश्काशनं डावीकडून, जिथून जाळं जेमतेम दिसावं अशा चिंचोळ्या कोनातून, चेंडू वर छताशी भिरकावला. दोघंही तेहतीस वर्षांचे. १९५६च्या उठावानंतर हंगेरीला न परतलेला, बंदी सोसलेला, थोडा स्थूल झालेला पुश्काश त्या दिवशी चार गोल करतो. धावण्यात तो इतरांच्या मागे पडतो. त्याचा डावा पाय मात्र चेंडू येण्याआधीच तयार असतो.

मला सर्वांत प्रिय आहेत ७१ ते ७५ ही मिनिटं. पुश्काशचा चौथा गोल, ६-१. इथे कुठलाही संघ खांदे पाडेल. पण लगेच श्टाइन फ्रँकफर्टचा दुसरा गोल करतो. मध्यावरून खेळ पुन्हा सुरू होतो, दी स्तेफानो चेंडू घेऊन सरळ घुसतो आणि पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून खालून सणसणीत फटका मारतो. सवाल-जवाबाची बारी रंगावी तसं हे चाललेलं असतं. तोच माद्रिदचा एक ढिला पास हेरून श्टाइन आपला दुसरा गोल साधतो.

या सामन्याचं कौतुक करताना लोक माद्रिदचे सात गोल मोजतात. माझ्या मते त्या सातांना उंची दिली फ्रँकफर्टच्या तिनांनी. बचावासाठी दाटी करून त्यांनी पराभव आकसून घेतला असता, तर माद्रिदला धावायला एवढी जागा मिळाली नसती आणि ग्लासगोकरांना एवढं फुटबॉलही मिळालं नसतं. ते शेवटपर्यंत गोल करायलाच खेळले. त्या गर्दीत पुढे विख्यात प्रशिक्षक झालेला, तेव्हा अठरा वर्षांचा अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होता. सामना संपला, माद्रिदनं सलग पाचव्यांदा कप उचलला, तरी लोक जागचे हलेनात. कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले.