भिंतीतला संगणक आणि संकष्टीचा चंद्र

विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी जाणे झाले, तेव्हा तिथल्या शाळेचा 'डिजिटल वर्ग' आम्हांला आवर्जून दाखवण्यात आला. वर्ग छान होता. भिंतीवर मोठा पडदा, छताला प्रोजेक्टर, खिडक्या झाकलेल्या. आठवीच्या मुलांना चंद्रकलांची चित्रफीत दाखवली गेली. सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळे ठसठशीत. चंद्र फिरतो आहे, त्याचा उजळ भाग वाढतो आणि घटतो आहे. निवेदन स्वच्छ मराठीत. सात-आठ मिनिटांनी दिवे लागले. "समजले का?" बाईंनी विचारले. "हो!" असा एकसुरी होकार आला.

बाईंच्या परवानगीने आम्ही एकच प्रश्न विचारला : अष्टमीला चंद्राचा अर्धा भाग काळा का दिसतो? बरेच हात वर आले आणि जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर तेच : "पृथ्वीची सावली पडते म्हणून." चित्रफितीत तर असे काहीच नव्हते. मुलांचे लक्ष नव्हते असेही नाही. सगळी डोळे लावून बसली होती. पण सावलीची कल्पना त्यांच्या मनात आधीपासून घर करून होती आणि चित्रफितीने तिला धक्काही लावला नव्हता.

मागच्या बाकावरची एक मुलगी घुटमळत म्हणाली, "सर, पौर्णिमेला चंद्र संध्याकाळीच उगवतो. मग संकष्टीला एवढा उशिरा का? आई उपाशी वाट बघत बसते." वर्ग हसला. तेवढ्यात तास संपला.

तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. शाळांमधले पडदे आणि टॅब्लेट यांवर आज सरकारचा आणि लोकवर्गणीचाही पैसा खर्च होतो आहे. त्याच वेळी दुसरीकडून असेही सांगितले जाते की वर्ग, शिक्षक यांची आता फारशी गरज नाही. मुलांच्या हाती यंत्र द्या, ती आपली आपण शिकतील. पहिल्या म्हणण्याचा भर यंत्रावर आहे, दुसऱ्याचा मुलाच्या कुतूहलावर. दोन्ही म्हणणी प्रयोगांनी तपासली गेली आहेत, आणि त्यांतले महत्त्वाचे काही प्रयोग आपल्याच देशात झाले आहेत. प्रयोगशाळेत एखादा दावा समोर आला की आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो : नेमके काय मोजले? तुलना कशाशी केली? यंत्र बंद पडल्यावर काय उरले? तेच प्रश्न इथे विचारून पाहू.

भिंतीतले भोक

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतल्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी आपल्या कंपनीच्या कार्यालयाच्या कुंपणभिंतीला भोक पाडून त्यात इंटरनेट जोडलेला एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. कुणी काही शिकवले नाही, सूचना लावल्या नाहीत. मुले जमली, खटपट करू लागली, एकमेकांना दाखवू लागली आणि थोड्याच दिवसांत संगणक चालवू लागली. मित्र यांनी या पद्धतीला शस्त्रक्रियेच्या परिभाषेतून नाव दिले. कमीत कमी चिरफाड करून केलेली शस्त्रक्रिया, तसे कमीत कमी हस्तक्षेपाचे शिक्षण. पुढे देशात अनेक ठिकाणी असे संगणक बसले. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसले. २०१३ मध्ये मित्र यांना टेड संस्थेचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी एक फलटणला होते.

या प्रयोगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. झोपडपट्टीतले मूल, इंग्रजी न येणारे मूल संगणकाला घाबरेल ही मोठ्या माणसांची समजूत त्याने खोटी पाडली. मुले गटाने, एकमेकांना विचारत, चुकत शिकतात हे त्याने ठळकपणे दाखवले. पण नेमके काय शिकले? मोजले गेले ते मुख्यतः संगणक हाताळण्याचे कौशल्य : चिन्हे ओळखणे, फाइल उघडणे, चित्र काढणे. यंत्र हाताळायला यंत्राच्या नादाने मुले शिकतात, हे एवढ्यावरून सिद्ध होते. त्यावरून गणित, भाषा आणि विज्ञानही तशीच शिकतील असे म्हणणे ही उडी आहे.

ही उडी किती लांबची आहे हे आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि जवळजवळ तितक्यांनाच तो वापरता येत होता. त्यांना तो कुणी वर्गात शिकवला नव्हता. त्याच मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि निम्म्याहून अधिक मुले तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना अडत होती. भिंतीतला संगणक आता खिशात आला. वाचन आणि भागाकार मात्र त्याच्या मागोमाग आले नाहीत.

यंत्र बंद पडल्यावर काय उरले, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकी अभ्यासक मार्क वॉर्शॉअर यांनी दिल्लीतले केंद्र पाहिले तेव्हा इंटरनेट बहुतेक वेळ चालत नव्हते, हिंदीत शिकण्याजोगे साहित्य नव्हते आणि मुलांचा बराच वेळ खेळण्यात व चित्रे रंगवण्यात जात होता. पायल अरोरा यांनी उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग इथली केंद्रे शोधली, तेव्हा ती बंद पडलेली आढळली. त्यांनी २०१० मध्ये मांडलेला मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो : ज्या जागी संगणक टिकला, तिथे त्याच्यामागे कुणीतरी माणूस उभा होता का, हे आधी पाहायला हवे.

काळिकुप्पमचा विसरलेला आकडा

गंमत अशी की या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार खुद्द मित्र यांच्याच प्रयोगात सापडतो. दक्षिणेतल्या काळिकुप्पम या गावी तमिळ बोलणाऱ्या १० ते १४ वर्षांच्या मुलांसमोर संगणकावर इंग्रजीत रेणवीय जीवशास्त्राचे साहित्य ठेवले गेले. शिक्षक नाही. सुरुवातीच्या चाचणीत मुलांना सरासरी सुमारे ७ टक्के गुण होते. अडीच महिन्यांनी ते सुमारे ३० टक्क्यांवर गेले. व्याख्यानांतून गाजला तो हा आकडा, आणि तो थक्क करणारा आहेच.

पण प्रयोग तिथे थांबला नाही. मुलांना ओळखणारी एक तरुणी त्यांच्यासोबत बसू लागली. तिला विषय येत नव्हता. ती मुलांना विचारायची, हे काय आहे, तू कसे केलेस, मला समजावून सांग. आणि कौतुक करायची. तेव्हा गुण सुमारे ५० टक्क्यांवर गेले, म्हणजे दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेतल्या, विषय शिकलेल्या मुलांच्या बरोबरीला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या नावातच स्वयंशिक्षणाच्या 'मर्यादा' हा शब्द आहे. शिक्षकाची गरज नाही असे सांगताना ज्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, त्यातली पुढची सारी वाढ एक माणूस शेजारी बसल्यानंतरची आहे. ती तरुणी शिक्षिका नव्हती हे खरे. पण ती जे करत होती ते चांगल्या शिक्षकाचेच काम होते. शिवाय ती बसल्यामुळे वाढ किती झाली आणि नुसता अधिक वेळ मिळाल्यामुळे किती, हे वेगळे काढायला तिच्याविना तेवढाच वेळ शिकणारा दुसरा गट हवा होता. एका छोट्या गावातल्या थोड्या मुलांवरून सगळ्या जगाच्या शाळा बदलायला निघण्याआधी एवढी सावधगिरी बाळगायलाच हवी.

वर्गातले यंत्र

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. पेरू या देशाने प्रत्येक मुलाला लॅपटॉप या मोहिमेत आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची तुलना केली गेली. काही शाळांना लॅपटॉप मिळाले होते, काहींना नव्हते. सुमारे १५ महिन्यांनंतर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला, पण गणित आणि भाषा या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. यंत्र पोहोचले, वर्गात शिकवणे होते तसेच राहिले.

याउलट निकाल दिल्लीत मिळाला. २०१५ मध्ये मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना शाळेबाहेरच्या केंद्रात संगणकावर गणित आणि भाषा शिकण्याची संधी दिली. साडेचार महिन्यांत ही मुले उरलेल्यांपेक्षा दोन्ही विषयांत स्पष्टपणे पुढे गेली. कारण शोधताना आधी काय आढळले ते पाहा. सहावीत आलेले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते. नववीत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. म्हणजे वर्गात नववीचा धडा चालू असतो आणि बाकावरचे मूल पाचवीच्या आसपास अडलेले असते. ज्यांना ही संधी मिळाली नाही त्यांच्यातला सर्वांत मागे असलेला एक तृतीयांश गट त्या काळात जवळजवळ काहीच शिकला नाही. केंद्रातला संगणक मात्र मुलाने दिलेले उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडत होता. मूल जिथे अडले तिथून सुरुवात करत होता.

इथेही एक नोंद विसरू नये. केंद्रात दीड तासांपैकी निम्मा वेळ संगणकापुढे जाई. उरलेला निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक साहाय्यक शिकवत असे. यश दोहोंचे मिळून आहे. पेरूतले यंत्र आणि दिल्लीतले यंत्र यांच्यात जातीचा फरक नव्हता. पेरूत यंत्र मुलाच्या हाती दिले गेले. दिल्लीत मूल कुठे उभे आहे याची आधी चौकशी झाली.

बाहेरचे शिक्षणही अपुरे

मग बाहेरचे शिक्षण खरे आणि वर्गातले खोटे, असे म्हणावे का? तसेही नाही. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी व इतर वस्तू विकणाऱ्या मुलांची पाहणी आहे. ८०० ग्रॅम बटाटे, १ किलो ४०० ग्रॅम कांदे अशा आडमाप खरेदीचा हिशोब आणि परत द्यायची मोड ही मुले तोंडी बिनचूक सांगत. तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की त्यांतली पुष्कळ मुले अडत. उलट बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावर बरी, पण बाजाराच्या हिशोबात कोलमडत. दोन्ही बाजूंना ज्ञान होते; दोहोंना जोडणारी वाट नव्हती. ती मुलाला आपोआप सापडत नाही असाच या पाहणीचा अर्थ आम्ही लावतो. भाजी विकणारी यांतली बहुतेक मुले शाळेतही जातात. वर्गात कुणी त्यांना विचारले असते की तू ठेल्यावर हा हिशोब कसा करतोस, तर भागाकार तिथून सुरू करता आला असता.

आता त्या संकष्टीच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या मुलीकडे बाहेरचे पक्के ज्ञान होते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा. म्हणून वद्य चतुर्थीला तिच्या आईला रात्री साडेआठ-नऊपर्यंत थांबावे लागते. उगवणे लांबत जाते तसा चंद्राचा उजळ भागही घटत जातो. दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे : चंद्राची सूर्याच्या संदर्भातली बदलती जागा. हेच चित्रफितीत दाखवले होते, पण आईचा उपवास आणि पडद्यावरचे वर्तुळ यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

ही गाठ घालायला फारसे काही लागत नाही. पुढच्या वद्य अष्टमीला आकाश स्वच्छ असेल तर सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांना मैदानावर चंद्र शोधायला सांगावे. सूर्य पूर्वेला असेल. अर्धा चंद्र आकाशात उंचावर किंवा पश्चिमेकडे झुकलेला सापडेल. मग विचारावे : पृथ्वीची सावली कुठे पडत असेल? सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे आत्ता आपल्या पायांखाली, क्षितिजाच्या खाली. मग वरच्या चंद्रावर ती कशी पडेल? मुलांना थोडा वेळ भांडू द्यावे. नंतर पेन्सिलीच्या टोकाला पांढरा चेंडू खोचून, उन्हात उभे राहून, तो चंद्राच्या दिशेला धरायला सांगावे. चेंडूचा जेवढा भाग उजळ दिसेल तेवढाच चंद्राचाही दिसेल. चेंडूवर पृथ्वीची सावली नाही हे तर मूल पाहतेच आहे.

आणि त्यानंतर वर्गात जाऊन तीच चित्रफीत पुन्हा लावावी. अधूनमधून थांबवावी आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला पडद्याजवळ बोलावून विचारावे : यात संकष्टीची रात्र कुठे आहे, दाखव बरे.