शेवटचा एक यार्ड कुणाचा?

यूट्यूबवर एक जुनी क्लिप आहे. मी ती कितीतरी वेळा पाहिली आहे, बहुतेकदा रात्री दोनला, रिलीज चालू असताना. २६ जानेवारी १९८६, सुपर बोल. शिकागो बेअर्स ३७-३ ने पुढे आहेत. चेंडू न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या गोल लाइनपासून एका यार्डावर, म्हणजे जेमतेम तीन फुटांवर. तो दिला जातो विल्यम पेरीला. वजन तीनशे पाउंडांच्या वर, टोपणनाव ‘रेफ्रिजरेटर’. पेरी समोरच्या गर्दीवर आदळतो, टचडाउन करतो, चेंडू जमिनीवर आपटतो. स्टेडियम खूष. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही हसलो होतो.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचे आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चेंडू आपल्याकडे असला की बचाववाले मैदानाबाहेर. पेरी बचावातला, समोरच्याला अडवणं आणि पाडणं हे त्याचं काम. मग त्याच्या हातात चेंडू का? कारण गोल लाइनजवळ खेळच बदलतो. पुढे मैदान उरत नाही, लांब पास टाकायला जागा नसते, बावीस माणसं एका अरुंद पट्ट्यात कोंबलेली असतात. तिथे वेगापेक्षा वजन कामाला येतं.

ही युक्ती मुळात गंमत नव्हती. २१ ऑक्टोबर १९८५ ला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध कोच माइक डिट्काने पेरीला गोल लाइनवर आणलं. दोनदा पेरीने समोरचा माणूस बाजूला केला आणि त्या वाटेने वॉल्टर पेटनने टचडाउन केलं. एकदा चेंडू पेरीला मिळाला आणि त्याने स्वतः केलं. मला हा सामना सुपर बोलपेक्षा जास्त आवडतो. इथे जड माणूस दुसऱ्यासाठी दार उघडतोय, आणि त्यामुळेच तो स्वतः चेंडू घेऊन येतो तेव्हा समोरच्यांची पंचाईत होते.

याच युक्तीचं सगळ्यात देखणं रूप मात्र पुढे पेट्रियट्सनेच दाखवलं. माइक व्रेबल हा त्यांचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातलाच. जर्सी नंबर ५०. या नंबरच्या खेळाडूला पास झेलायचा असेल तर आधी रेफरीकडे तशी नोंद करावी लागते, आणि रेफरी ते समोरच्या संघाला कळवतो. म्हणजे लपवाछपवी नाहीच. तरी २००४ च्या सुपर बोलमध्ये, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली असताना, टॉम ब्रेडीने एका यार्डावरून पास टाकला तो व्रेबलकडेच. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये पुन्हा त्याचं टचडाउन. दोन्ही सामने पेट्रियट्सनी फक्त तीन गुणांनी जिंकले. प्लेऑफ धरून व्रेबलने कारकिर्दीत बारा पास झेलले, आणि बाराही टचडाउन! त्याचं नाव जाहीर झालं तरी तो अडवणार की झेलणार, हे समोरच्यांना ठरवताच येत नाही. युक्तीचा सगळा जीव या संशयात आहे.

आता पुन्हा ती १९८६ ची क्लिप. ३७-३ वर कसला संशय आणि कसली गरज?

त्या चौकटीत एक माणूस असा आहे, ज्याच्याकडे मी बरेच दिवस पाहिलंच नव्हतं. वॉल्टर पेटन. तोवर सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता. संघ हरत होता त्या वर्षांतही तो धावला होता. अकराव्या हंगामात त्याला पहिला सुपर बोल मिळाला, आणि तोच शेवटचा ठरला. त्या दिवशी पेट्रियट्सचा सगळा बचाव त्याच्यावरच टपून होता. २२ वेळा चेंडू घेऊन तो ६१ यार्ड धावला. बेअर्स ४६-१० ने जिंकले. पेटनचं टचडाउन: शून्य. तो दुखावला गेला होता, आणि ही आपली चूक होती हे डिट्काने पुढे जाहीरपणे मान्य केलं.

पेरीला दोष द्यायचं कारण नाही. तेवीस वर्षांचा पोरगा, पहिलाच हंगाम. कोचने सांगितलं, त्याने केलं. पण ‘मजेशीर क्षण’ म्हणून ही क्लिप फिरवणाऱ्यांवर माझा आक्षेप आहे. त्या एका यार्डाआधीचे हजारो यार्ड कुणी काढले, हे तिच्यात दिसत नाही.

हे मला टोचतं, कारण मीही एकदा पेरी होतो. एका प्रोजेक्टवर शेवटच्या दोन आठवड्यांसाठी मला घेतलं. क्लायंटसमोर डेमो मी दिला. बोलायला बरा आहे म्हणून. टाळ्या मिळाल्या, कौतुकाच्या मेलमध्ये माझं नाव आलं. जिने तीन वर्षं ती सिस्टिम उभी केली, रात्री-अपरात्री उठून सांभाळली, ती मागच्या खुर्चीवर बसून माझ्यासाठी स्लाइड पुढे सरकवत होती. डेमो तिनेही दिला असता. मी विचारलं नाही. मलाही कुणी सांगितलं होतं, मी केलं.

हल्ली ती क्लिप लागली की पेरीने चेंडू आपटला तिथे मी थांबवतो, आणि स्क्रीनवर पेटन कुठे दिसतो का ते शोधतो.