आकाशरेषा आणि फिरते भिंग : सोलापूरच्या संदर्भात पॅनोरमा छायाचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना :
इमारती, मनोरे व चिमण्या यांच्या माथ्यांनी आकाशाच्या कडेवर उमटणारी रेषा म्हणजे शहराची आकाशरेषा होय. सोलापूरची आकाशरेषा प्रामुख्याने चिमण्यांनी घडविली. त्यांपैकी कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेस अडथळा ठरल्याने १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ती कोसळतानाचे चित्रण विपुल झाले. परंतु ती उभी असताना शहराशी तिचे नाते कसे होते, हे त्या काही क्षणांतून कळत नाही. या संदर्भात फिल्मवरील पॅनोरमा छायाचित्रणाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

विवेचन :
१८५८ साली फेलिस बिआतो यांनी लखनौ व दिल्लीची विस्तीर्ण दृश्ये अनेक छायाचित्रे शेजारी शेजारी जोडून साकारली. पुढे जपानी वाइडलक्स, रशियन होरायझन यांसारख्या कॅमेऱ्यांत भिंगच फिरू लागले व वक्राकार ठेवलेल्या फिल्मवर एका अरुंद फटीतून दृश्य क्रमाक्रमाने उमटू लागले. परिणामी चित्राचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या आधीचे असते. कॅमेरा समतल धरल्यास चिमणी सरळ राहते, मात्र जवळच्या गच्चीचा कठडा वाकतो. १९९८ साली आलेल्या हॅसलब्लाड एक्सपॅनचे भिंग स्थिर असल्याने २४ × ६५ मि.मी. चौकटीत सरळ रेषा सरळच राहतात. म्हणजेच कॅमेऱ्याची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून शहराकडे पाहण्याची भूमिका आहे.

या प्रकाराची मर्यादाही स्पष्ट आहे. रुंदी वाढते तशी दूरची चिमणी लहान होते आणि तिच्या सावलीत राबणारा कामगार दिसेनासा होतो. रुंद चौकट म्हणजे समग्र दर्शन, हा समज त्यामुळे फोल ठरतो.

समारोप :
पॅनोरमाचे खरे मूल्य भव्यतेत नसून शेजारसंबंधांच्या नोंदीत आहे. चिमणीच्या डाव्या-उजव्या बाजूस काय होते, हे तो सांगतो. मात्र ही नोंद पुराव्याच्या पातळीवर न्यावयाची, तर जुळे सोलापूरमधील एखाद्या ठरावीक गच्चीवरून, त्याच दिशेने व त्याच भिंगाने ठरावीक वर्षांनी छायाचित्रे घ्यावयास हवीत; स्थळ व दिनांक निगेटिव्हसोबत जपावयास हवेत. अन्यथा उरेल ते केवळ देखणे चित्र. हरवलेल्या आकाशरेषेची साक्ष त्यातून मिळणार नाही.