स्कॉटिश कुळसंघ आणि भाषेचा वारसा

इंग्रजीतील ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतून आला असून त्याचा तेथील अर्थ ‘अपत्ये’ असा आहे. गेलिकमध्येही तो मूळचा नव्हे; ‘रोप’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्लांता’ शब्दाचे ते आयरिश मुखात झालेले रूपांतर होय. रोपाचे अपत्य झाले आणि अपत्यांचे कूळ झाले. ज्या भाषेने हे घडविले तिचे परदेशांतील स्कॉटिश कुळसंघांत काय झाले, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

या संघांवरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेप ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये घेतला. कलोडनच्या 1746 मधील पराभवानंतर डोंगराळ प्रदेशातील पोशाखावर बंदी आली व ती 1782 मध्ये उठली. प्रत्येक कुळाला ठराविक टार्टन नेमून देण्याची प्रथा त्यानंतरची, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. हे प्रतिपादन बव्हंशी मान्य करावे लागते. तथापि त्याने प्रश्न मिटत नाही. प्रत्येक परंपरा केव्हातरी नवीच असते. वस्त्र नवे आहे हा दोष नव्हे. वस्त्र नेसण्यास भाषा लागत नाही, ही खरी अडचण आहे. शिवाय परदेशी गेलेले अनेक स्कॉट सखल प्रदेशातील, म्हणजे गेलिक न बोलणारे होते. टार्टनने त्या सर्वांना एकाच डोंगरी वेषात उभे केले व दोन भाषिक परंपरांमधील भेद पुसट केला.

कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. 1773 मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून पिक्टू येथे डोंगराळ प्रदेशातील कुटुंबे उतरली. पुढे केप ब्रेटन बेटावर गेलिक इतकी नांदली की ‘मॅक-टाला’ हे गेलिक वृत्तपत्र तेथे 1892 ते 1904 पर्यंत चालले. परंतु गेलिकला शासकीय व्यवहारात स्थान देणारे विधेयक 1890 मध्येच कॅनडाच्या सेनेटने फेटाळले होते, आणि शाळेची भाषा इंग्रजी झाली. पुढे 1950 च्या दशकात प्रांताने स्वतःचे टार्टन स्वीकारले. इतिहासकार इयन मकाय यांनी या टार्टनप्रेमाचा पर्यटनाशी असलेला संबंध दाखविला आहे. बोलणारे ओसरत गेले, खुणा मात्र वाढत गेल्या.

याच बेटावर दुसरा मार्गही होता. जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी 1937 मध्ये येथील गेलिक गीतांचे ध्वनिमुद्रण केले. ओले लोकरी कापड मेजावर आपटून घट्ट करताना एकजण कडवे म्हणे व बाकीचे ध्रुपद उचलीत. येथे शब्द आल्यावाचून कामात भागच घेता येत नाही. म्हणून गीताबरोबर भाषाही टिकते.

कुळसंघांनी जपलेल्या वंशावळी आणि आप्तभाव यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वंशावळ ही नावांची यादी आहे, नाव घेऊन हाक मारणे ही भाषा आहे. नोव्हा स्कोशियाच्या शासनाने 2006 मध्ये गेलिकसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले, ते याच जाणिवेचे लक्षण होय. वारसा जपल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक संघाला यापुढे एकच कसोटी लावावी: त्याच्या मेळाव्यातून मूल काय नेसून परतले हे न पाहता, कोणते वाक्य बोलत परतले हे पाहावे.