उष्ण कटिबंध, हिवताप आणि दारिद्र्य : जेफ्री सॅक्स यांच्या संशोधनाची चिकित्सा

उष्ण कटिबंधातील देश मागास का राहिले, हा प्रश्न सामाजिक शास्त्रांना नवा नाही. अठराव्या शतकात माँतेस्क्यूने उष्ण हवामानाचा संबंध माणसाच्या आळसाशी जोडला. एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये 'सिव्हिलायझेशन अँड क्लायमेट' या ग्रंथात त्याच विचाराला नकाशांचा आधार दिला. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेशी या विचाराचे नाते इतके निकटचे होते की, दुसऱ्या महायुद्धानंतर विकासाच्या अर्थशास्त्राने हवामान हा विषय जवळजवळ वर्ज्य मानला. अँड्र्यू कामार्क यांचे १९७६ मधील 'द ट्रॉपिक्स अँड इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' हे पुस्तक अपवादच म्हणावे लागेल. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जेफ्री सॅक्स यांनी हा बंद दरवाजा पुन्हा उघडला. बोलिव्हिया, पोलंड व रशिया यांना बाजारपेठेच्या सुधारणांचा सल्ला देऊन आलेला हा अर्थशास्त्रज्ञ डास, पर्जन्य आणि अक्षांश यांच्याकडे वळावा, ही घटनाच लक्षणीय होती.

जॉन गॅलप व अँड्र्यू मेलिंजर यांच्यासह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आणि 'ट्रॉपिकल अंडरडेव्हलपमेंट' (२००१) या निबंधात सॅक्स यांची मूळ मांडणी आढळते. त्यांच्या मते १८२० मध्ये उष्ण कटिबंधाचे दरडोई उत्पन्न समशीतोष्ण प्रदेशाच्या सुमारे ७० टक्के होते. १९९२ पर्यंत ते २५ टक्क्यांवर आले. ही दरी का रुंदावली? सॅक्स यांचे उत्तर असे की, शेती व आरोग्य या क्षेत्रांतील तंत्रज्ञान एका परिसंस्थेतून दुसऱ्या परिसंस्थेत सहज जात नाही. समशीतोष्ण प्रदेशातील गव्हाचे वाण किंवा तेथील रोगांवरील औषधे उष्ण प्रदेशाच्या कामी येत नाहीत. श्रीमंत देश आपल्याच रोगांवर संशोधन करतात आणि सुरुवातीचे लहान अंतर शतकभरात अजस्र होते. हे उत्तर माणसाच्या स्वभावाला दोष देत नाही, ही सॅक्स यांची हंटिंग्टनपासूनची खरी फारकत होय.

या मांडणीचा सर्वांत भक्कम भाग हिवतापाचा आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढण्यास पुरेशी उष्णता लागते. सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या खाली ती वाढ थांबते. शिवाय रोग पसरण्यासाठी त्याच डासाने माणसाला दोनदा चावावे लागते, एकदा परजीवी घेण्यासाठी व एकदा देण्यासाठी. आफ्रिकेतील अ‍ॅनोफिलिस गँबी ही जात प्रामुख्याने माणसालाच चावते. भारताच्या ग्रामीण भागातील अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस मात्र बहुधा गोठ्यातील जनावरांकडे वळते. म्हणून उष्णता सारखी असूनही रोगाची तीव्रता सारखी नसते. सॅक्स यांनी पुढे वापरलेला हिवताप-परिसंस्थेचा निर्देशांक हाच भेद मोजतो, आणि येथे त्यांचे संशोधन केवळ सहसंबंधाच्या पुढे जाऊन कारणापर्यंत पोहोचते. तीव्र हिवतापाच्या देशांची दरडोई वाढ वर्षाला १.३ टक्क्यांनी कमी राहिली, हा गॅलप-सॅक्स यांचा २००१ मधील निष्कर्ष याच बळावर जगभर उद्धृत झाला.

परंतु जे हिवतापाविषयी खरे, ते 'उष्ण कटिबंध' या संज्ञेविषयी खरे आहे काय? १९९९ च्या निबंधात देशाच्या भूमीचा किती हिस्सा कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान येतो, हे एक मोजमाप होते. नंतर कोपेनच्या हवामान-वर्गीकरणाचा आधार घेण्यात आला. भारताला ही मोजपट्टी लावून पाहावी. बिहार व उत्तर प्रदेश संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहेत आणि कोपेनच्या वर्गीकरणातही गंगेचे मैदान मुख्यतः उपोष्ण गटात मोडते. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. दरडोई उत्पन्नाचा क्रम मात्र सॅक्स यांच्या अपेक्षेच्या नेमका उलटा लागतो. समुद्रसान्निध्य हे त्यांचेच दुसरे चल येथे पुढे करता येईल. पण तसे केले की उष्ण कटिबंध हे कारण बाजूला पडते, हे मान्य करावे लागेल.

भारतातील हिवतापाचा इतिहास याहून बोलका आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी रुग्ण व ८ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीमुळे १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. नंतर कीटकनाशकांचा तुटवडा, डासांची वाढती प्रतिकारशक्ती आणि प्राथमिक आरोग्य सेवेची दुर्बलता यांमुळे रोग परतला व १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. या पाव शतकात पाऊस, उष्णता आणि अक्षांश होते तेथेच होते. बदलले ते प्रशासन व पैसा. हा दाखला सॅक्स यांच्या उपायाला बळ देतो आणि त्यांच्या निदानाला धक्का देतो.

डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये नेमका प्रतिवाद केला. वसाहतवाद्यांचा मृत्युदर जेथे जास्त होता तेथे त्यांनी वस्ती न करता लुटीच्या संस्था उभारल्या. आजचे दारिद्र्य हे त्या संस्थांचे फळ आहे, हवामानाचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये या तिघांना नोबेल मिळाले. तथापि, त्या वसाहतवाद्यांचे प्राण घेणारे रोग मुख्यतः हिवताप व पीतज्वर हेच होते. म्हणजे दोन्ही पक्षांचे आकडे एकाच डासावर उभे आहेत. एक पक्ष त्याचा डंख आज मोजतो, दुसरा दोनशे वर्षांपूर्वीचा. सॅक्स यांनी २००३ मध्ये संस्थांचा प्रभाव गृहीत धरूनही हिवतापाचा स्वतंत्र परिणाम उरतो असे दाखविले. हा वाद समाश्रयण विश्लेषणाने निकालात निघण्यासारखा नव्हता, असेच आज म्हणावे लागते.

तो प्रत्यक्ष कृतीने निकालात निघेल, अशी सॅक्स यांची श्रद्धा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या समष्टि-अर्थशास्त्र व आरोग्य आयोगाचे ते अध्यक्ष होते. आरोग्यावरील गुंतवणूक हीच विकासाची गुंतवणूक, ही त्या आयोगाच्या २००१ च्या अहवालाची भूमिका होती. औषधयुक्त मच्छरदाण्या विनामूल्य वाटाव्यात, हा त्यांचा आग्रह काळाने योग्य ठरविला. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले व त्यात मच्छरदाण्यांचा वाटा ६८ टक्के होता, असे २०१५ मध्ये 'नेचर'मधील अभ्यासाने दाखविले.

मिलेनियम व्हिलेजेस प्रकल्पाची कथा मात्र वेगळी. केनियातील सौरीपासून सुरू झालेला हा प्रकल्प आफ्रिकेतील १० देशांत २०१५ पर्यंत चालला. तुलनेसाठीची गावे आरंभीच न निवडल्याने त्याचे मूल्यमापन अवघड झाले. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बालमृत्यू कमी होण्याच्या वेगाविषयी केलेला दावा गणिती चुकीमुळे मागे घ्यावा लागला. २०१८ मधील मूल्यमापनात शेती व आरोग्य यांत स्पष्ट सुधारणा आढळली. उपभोगावरून मोजलेल्या दारिद्र्यावर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. सॅक्स यांच्या संशोधनाचा गाभा आरोग्यातून उत्पन्न वाढते हा असताना, या निष्कर्षाची झळ त्या गाभ्यालाच लागते. आरोग्य सुधारणे हे स्वतःच पुरेसे उद्दिष्ट आहे असे म्हणता आले असते. परंतु दात्यांसमोर सॅक्स यांनी नेहमी उत्पन्नाचाच हिशेब मांडला आणि त्याच हिशेबाने त्यांना पुढे अडचणीत आणले.

तापमानाचा प्रश्न नंतर मेलिसा डेल, बेंजामिन जोन्स व बेंजामिन ओल्केन यांनी निराळ्या पद्धतीने हाताळला. देशादेशांची तुलना टाळून त्यांनी २०१२ मध्ये एकाच देशातील उष्ण व थंड वर्षांची तुलना केली. तापमान १ अंशाने वाढले की गरीब देशांची वाढ त्या वर्षी सुमारे १.३ टक्के बिंदूंनी घटते, असे त्यांना आढळले. (गॅलप-सॅक्स यांच्या आकड्याशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग.) श्रीमंत देशांत तसा परिणाम दिसला नाही. उष्ण वर्षाचा फटका बसतो की नाही, हे त्यांच्या विश्लेषणात देश कोणत्या अक्षांशावर आहे यापेक्षा तो किती गरीब आहे यावर ठरते.