उत्तराधिकार, गृहकलह आणि नाट्यसंहिता

रायगडावरील उत्तराधिकाराच्या प्रश्नाला मराठी ऐतिहासिक नाटकाने गृहकलहाचे रूप दिले, हे निरीक्षण आता नवे नाही. हे रूप ज्या प्रेक्षकाने उचलून धरले त्याची 'गृहा'विषयीची जाणीव कोणती होती, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकाचा विचार डिलाईल रोडवरील चाळीत राहणाऱ्या प्रेक्षकाच्या बाजूने केला, तर या प्रश्नाला वेगळे वळण मिळते.

प्रथम घटनाक्रम. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले, तेव्हा बावीस वर्षांचे संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्याच महिन्यात सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो प्रभृती मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामाचे मंचकारोहण घडवले. परंतु सरनोबत हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे बंधू असूनही संभाजीराजांच्या पक्षाला मिळाले, आणि पारडे फिरले. 'सावत्र आई विरुद्ध सावत्र मुलगा' हे सूत्र येथेच अपुरे ठरते. दहा वर्षांचा मुलगा या वादाचे निमित्त होता, पक्षकार नव्हता. १६७४च्या राज्याभिषेकात युवराज म्हणून मिळालेला मान दिलेरखानाकडे जाऊन परतलेल्या पुत्राच्या ठायी टिकतो काय, आणि त्याचा निर्णय मंत्र्यांनी करावयाचा की सैन्याने, हा खरा पेच होता.

हा पेच कौटुंबिक भाषेत कसा उतरला, याचे उत्तर संहितांच्या उगमात सापडते. सभासदाची बखर जिंजीस, राजारामाच्या आज्ञेने लिहिली गेली. म्हणजे धाकट्या भावाच्या आश्रयाने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर रचणारे मल्हार रामराव चिटणीस हे, संभाजीराजांनी १६८१ मध्ये ज्यांना देहदंड दिला त्या बाळाजी आवजींचे वंशज. मलाय जगातील जोहोरचा इतिहासही असाच घडला. १८१२ मध्ये सुलतान महमूद वारले तेव्हा थोरला पुत्र हुसेन पाहांगला होता; दरबारातील बुगी सरदारांनी धाकट्या अब्दुल रहमानला गादीवर बसवले. या घराण्याचा 'तुहफत अल-नफीस' हा इतिहास पुढे राजा अली हाजी या बुगी वंशाच्याच लेखकाच्या हातून सिद्ध झाला. थोरला अनुपस्थित, निवड उपस्थितांची आणि निवेदन निवडणाऱ्यांच्या वारसांचे, अशी ही रचना दोन्हीकडे आढळते. निवेदकाचे हितसंबंध झाकण्यास स्वभावचित्रणाइतके सोयीचे साधन दुसरे नाही. 'उच्छृंखल पुत्र' आणि 'मत्सरी विमाता' या प्रतिमांचे मूळ या सोयीत आहे.

कानेटकरांनी यांपैकी पुत्राची प्रतिमा मोडली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. संभाजीला त्यांनी अंतःकरण दिले, आणि काशिनाथ घाणेकरांनी त्या अंतःकरणाला आवाज दिला. पण प्रतिमा बदलली तरी चौकट तीच राहिली. सत्तेचा प्रश्न पित्याच्या व्यथेत विलीन झाला. घर म्हणजे भावना आणि दरबार म्हणजे राजकारण, ही विभागणी नाटकाने गृहीत धरली.

डिलाईल रोडवरील प्रेक्षकाला ही विभागणी ठाऊक नव्हती. येथील बी.डी.डी. चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बाप गेल्यावर भाडेपावती कोणाच्या नावावर होणार, गावी असलेल्या थोरल्याच्या की खोलीत राहून भाडे भरणाऱ्या धाकट्याच्या, हा प्रश्न आईच्या मायेने सुटत नाही. रेशनकार्ड, शेजाऱ्यांची साक्ष, कचेरीतील कारकून आणि प्रत्यक्ष ताबा या सर्वांचा त्यात हात असतो. अनुपस्थित थोरला आणि ताब्यातील धाकटा यांचे नाते या प्रेक्षकाला दैनंदिन व्यवहारातून परिचित होते. नाटकातील अश्रूंमागे एक दस्तऐवज असला पाहिजे, हे त्याला नाटककाराहून अधिक नेमके समजू शकत होते. संहितेने मात्र त्याच्याकडे अश्रूंचीच मागणी केली.

या दृष्टीने जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे कानेटकरी परंपरेला मिळालेले अप्रत्यक्ष उत्तर मानता येते. १९८२च्या संपानंतर मोडत गेलेल्या गिरणगावातील घरात भावंडांमधील प्रत्येक वैर अर्थव्यवस्थेतून येते. घराबाहेर राहिलेली अशी कोणतीही सत्ता तेथे उरत नाही. गादीऐवजी गिरणीच बुडाल्यामुळे, वारस आहेत पण वारसा नाही, अशी ही स्थिती आहे.

रायगडाचे नाटक या जाणिवेतून पुन्हा लिहिले गेले, तर त्याचा शेवट १६८० मध्ये होणार नाही. ऑगस्ट १६८० च्या संस्कृत दानपत्रात संभाजीराजे सोयराबाईंचा निर्मळ मनाची म्हणून उल्लेख करतात, आणि पुढच्याच वर्षी तोच संघर्ष पुन्हा पेटतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे मोगलांच्या कैदेत असताना येसूबाई स्वतःचा पुत्र शाहू बाजूला ठेवून राजारामाला पुढे करतात. ज्या धाकट्याच्या नावाने थोरल्याचा हक्क नाकारला गेला, त्याच्याच हाती थोरल्याची पत्नी राज्य सोपवते. हा निर्णय मायेचा आहे आणि राज्यकारभाराचाही. या दोहोंना वेगळे करणारी चौकट तो पेलू शकत नाही. मराठी ऐतिहासिक नाटकाने येसूबाईंचा त्याग पुष्कळ गौरवला. त्यांची राजनीती वाचण्याचे काम अजून शिल्लक आहे.